कटिंग मशीन घेताय? आधी शिरोरेषा तपासा

देवगाव रंगारीच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तरी कापलेली अक्षरे नजरेखालून जात राहतात. ट्रॅक्टरच्या बोनेटवर देवाचे नाव, ट्रॉलीच्या मागे रेडियमचे पट्टे, पिकअपच्या काचेवर लेकरांची नावे आणि लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीवर दोन नावांच्या मधोमध एक बदाम. ही अक्षरे आता कोणी कात्रीने कापत नाही. संगणकावर काढलेल्या आकृतीच्या कडेकडेने एक बारीक सुरी फिरते आणि चिकट कागदावरून अक्षर सुटे होते. कन्नड तालुक्यातल्या या गावापासून मुंबईपर्यंत रेडियमच्या दुकानात चालते ते हेच यंत्र. त्याला कटिंग प्लॉटर म्हणतात.

गेल्या काही वर्षांत हे यंत्र टेबलावर मावेल इतके लहान झाले आणि दुकानाबाहेर पडले. शिवणकाम करणाऱ्या ताईंना टी-शर्टवर नाव चिकटवायचे असते. बचतगटाला पापड-लोणच्याच्या बरणीवर स्वतःचे लेबल हवे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना तक्त्यांसाठी अक्षरे लागतात, तर कोणाला गणपतीचे कागदी मखर करायचे असते. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणती मशीन घेऊ? माझे म्हणणे असे की हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर विचारावा. कापायचे काय आहे, हा पहिला प्रश्न. आपली मराठी अक्षरे त्या मशीनच्या सॉफ्टवेअरमधून न मोडता बाहेर पडतात का, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे मिळाली की मशीन जवळजवळ आपोआप ठरते.

सुरीला काय कळते?

मशीनच्या आत दोन हालचाली असतात. रबरी चाकांखाली दाबलेला कागद पुढे-मागे सरकतो आणि सुरी धरलेले डोके डावी-उजवीकडे धावते. या दोन हालचालींच्या मेळातून कोणतीही वक्ररेषा काढता येते. बहुतेक मशीनमध्ये दोन्हींसाठी स्टेपर मोटर असते. ही मोटर सलग न फिरता ठरावीक पावले टाकत फिरते. सामान्यतः एका फेरीत २०० पावले, म्हणजे एका पावलाला १.८ अंश.

संगणक या मशीनशी ज्या भाषेत बोलतो, ती समजायला अवघड नाही. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या आरेखन यंत्रांसाठी तयार केलेली एचपीजीएल ही भाषा आजही बरेच प्लॉटर वापरतात. 'पीयू' म्हणजे पेन वर, 'पीडी' म्हणजे पेन खाली. पुढे दोन आकडे: आडवे अंतर आणि उभे अंतर. एक एकक म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, म्हणून एका सेंटिमीटरला ४०० एकके. एक सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापायचा तर संगणक सांगतो: पीयू ०,०, पीडी ४००,०, पीडी ४००,४००, पीडी ०,४००, पीडी ०,०. झाला चौकोन. 'श्री' असो की 'जय मल्हार', मशीनला अशा आकड्यांची लांबलचक रांगच मिळते. तिला रंग, अर्थ किंवा अक्षर कळत नाही, फक्त कड कळते. हे मनात पक्के बसले की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात.

या यंत्राचे मूळ छंदात नाही, कारखान्यात आहे. हाइन्झ जोसेफ गर्बर हा व्हिएन्नात जन्मलेला ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि पुढे मोठा संशोधक झाला. त्याच्या कंपनीने आधी कपड्यांचे थर कापणारी संगणकी यंत्रे बनवली आणि १९८०च्या दशकात पाट्यांची अक्षरे कापणारे 'साइनमेकर' आणले. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा धंदा जगभर बदलला तो तिथून. घरगुती वापराची लाट त्यानंतर वीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या युटा राज्यातून आली. क्रिकट आणि सिल्हूट ही आज सर्वाधिक ऐकू येणारी दोन्ही नावे तिथलीच.

आधी काम ठरवा

गावात चालणारी कामे ढोबळमानाने चार गटांत बसतात.

पहिला गट गाड्यांचा: रेडियम, व्हिनाइलची अक्षरे, पट्टे. या धंद्यातला एक मोठा भाग मात्र आटला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षेची एचएसआरपी पाटी बंधनकारक झाली आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावण्याची मोहीम २०२५ मध्ये चालली. नंबरप्लेटच्या भरवशावर मशीन घेण्याचे दिवस त्यामुळे गेले. नावे, पट्टे, दुकानाच्या काचा आणि पाण्याच्या टाक्यांवरची अक्षरे हे काम मात्र आहेच.

दुसरा गट कागदाचा: मखर, लग्नपत्रिका, वाढदिवसाची सजावट, शाळेचे तक्ते. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि सजावटीच्या थर्माकोलवर देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. थर्माकोलचे कोरीव मखर गेले आणि त्या जागी कार्डशीट व पुठ्ठा आला. जाळीदार कमान, मोर, कमळ अशी नक्षी २५० ते ३०० जीएसएमच्या कार्डशीटवर मशीनने सुबक कापता येते. गणपतीच्या आधीचे दोन महिने या कामाला चांगली मागणी असते.

तिसरा गट कापडाचा: टी-शर्ट, टोप्या, पिशव्या, दिंडीचे किंवा क्रीडास्पर्धेचे पोशाख. इथे उष्णतेने चिकटणारे व्हिनाइल कापून हीट प्रेसखाली दाबतात.

चौथा गट लेबलांचा: प्रिंटरवर छापायचे आणि छापलेल्या चित्राच्या कडेने नेमके कापायचे. मसाले, पापड, तूप, मध विकणाऱ्या गटांना हेच हवे असते.

यातला कोणता गट आपले सत्तर-ऐंशी टक्के काम असेल, ते वहीत लिहून काढावे. चारही कामे एकाच मशीनवर होतात असे विक्रेता सांगेल, आणि ते खोटेही नसते. पण प्रत्येक मशीन एखाद्याच कामाला मनापासून लागते.

मग यंत्राची जात

बाजारात तीन जाती दिसतात. पहिली टेबलावरची क्राफ्ट मशीन: क्रिकट, सिल्हूट, ब्रदरची स्कॅन-एन-कट. बहुतेकींची कापण्याची रुंदी १२ इंच, तर सिल्हूटच्या पोर्ट्रेटसारख्या लहान मशीनची ८ इंच असते. कागद चिकट मॅटवर बसवून आत सरकवायचा. कार्डशीट, लेबले, कापडावरची नावे यांना ही जात उत्तम. सुरीच्या दाबात मात्र मोठा फरक असतो. क्रिकटच्या एक्सप्लोर मालिकेत तो सुमारे ४०० ग्रॅम, तर मेकर मालिकेत चार किलोपर्यंत जातो. कागद आणि व्हिनाइलला ४०० ग्रॅम पुरतात. जाड पुठ्ठा, चामडे किंवा दोन मिलिमीटरचे हलके लाकूड कापायचे असेल, तरच जास्त दाबासाठी पैसे मोजावेत. स्कॅन-एन-कटमध्ये स्कॅनर आतच असतो. हाताने काढलेली रांगोळी ठेवली की ती वाचून मशीन स्वतः कापते. संगणकाची सवय नसलेल्या हाताला हा मोठा आधार आहे.

दुसरी जात उभ्या स्टँडवरचा प्लॉटर. व्हिनाइल आणि रेडियमचे रोल साधारण २४ इंच रुंद येतात आणि रनिंग फुटावर विकले जातात. हा रोल न चिरता आत जायला हवा, म्हणून ७२० मिलिमीटरच्या वर्गातला प्लॉटर दुकानाला सोयीचा पडतो. गाड्यांचे काम मुख्य असेल तर बारा इंचांच्या मशीनवर रोल चिरत बसण्यात दिवस जातो. प्लॉटरवर छापील लेबले कापायची असतील, तर लेबलांभोवती छापलेल्या जागा दाखवणाऱ्या खुणा मशीन कशा वाचते ते विचारावे. स्वस्त मशीनमध्ये लाल ठिपका दिसतो आणि तो हाताने खुणेवर आणावा लागतो. महागड्या मशीनमधला सेन्सर किंवा कॅमेरा खुणा स्वतः शोधतो. दिवसाला शेकडो लेबले कापायची असतील, तर हा फरक पैसे वसूल करून देतो.

तिसरी जात लेझरची. ॲक्रेलिकचे केक टॉपर आणि एमडीएफची नावे यांना तीच लागते. पण रेडियम-व्हिनाइलचे काम लेझरवर करायला जाऊ नये. व्हिनाइल बहुधा पीव्हीसीचे असते आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा तिखट वायू निघतो. तो छातीला अपाय करतो आणि मशीनच्या लोखंडालाही गंज लावतो. व्हिनाइलला सुरीच हवी.

सॉफ्टवेअर कोणाच्या हातात?

मशीनवर पैसे एकदा जातात, सॉफ्टवेअरशी संबंध रोजचा असतो. मार्च २०२१ मध्ये क्रिकटने जाहीर केले की पैसे न भरणाऱ्या ग्राहकांना महिन्याला फक्त २० आकृत्या चढवता येतील. मशीन ग्राहकांनी विकत घेतलेली होती, पण तिचे सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेले होते. जगभर संताप उसळला आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. ग्राहक जिंकले. तरी धडा आपण घ्यायचा: यंत्र घरात असले तरी त्याची किल्ली दुसऱ्याकडे असू शकते.

म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. नेट नसताना मशीन चालते का? गावात रेंज जाते, तेव्हा हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. माझ्या आवडीच्या सॉफ्टवेअरमधली फाईल घेते का? सिल्हूटचे मोफत सॉफ्टवेअर नेटशिवाय चालते आणि डीएक्सएफ फाईल उघडते, पण एसव्हीजी उघडायला पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. क्रिकट एसव्हीजी घेते, पण खाते उघडावे लागते. आणि तिसरे: बंद पडली तर दुरुस्ती कुठे? संभाजीनगरात दुरुस्त होणारी साधी मशीन आणि पार्सलने परराज्यात पाठवावी लागणारी भारी मशीन यांत गावच्या माणसाने पहिली निवडावी.

खरी परीक्षा मराठीची

परदेशी मशीनच्या माहितीपुस्तकात नसलेली गोष्ट आता. विक्रेत्याकडे जाताना पेन ड्राइव्हवर एक मराठी शब्द न्या आणि तो समोर कापून मागा. 'देवगाव रंगारी' हाच शब्द घेऊ.

पडद्यावर या शब्दाची शिरोरेषा सलग दिसते. प्रत्यक्षात फॉन्टमधले प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. छपाईत दोन्ही काळेच, म्हणून सांधा दिसत नाही. सुरी मात्र कडेने चालते. ती 'दे'ची पूर्ण कड कापते, मग 'व'ची, मग 'ग'ची, आणि जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढले तिथे शिरोरेषा आरपार चिरली जाते. काना आणि वेलांटीचेही तेच होते. चिकटवताना लक्षात येते की शब्दाचे सात-आठ तुकडे झाले आहेत.

उपाय सोपा आहे, पण क्रम सांभाळावा लागतो. शुद्धलेखन तपासून घ्यावे, कारण पुढे अक्षर बदलता येत नाही. मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवावी. मग कोरल ड्रॉमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करून सगळी अक्षरे निवडावीत आणि 'वेल्ड' करावे. मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून गट सोडवावा आणि 'युनियन' द्यावे. शेवटी रंग काढून नुसत्या रेषांच्या दृश्यात पाहावे. कोरलमध्ये ते 'वायरफ्रेम', इंकस्केपमध्ये 'आउटलाइन'. अक्षराच्या पोटातून एकही रेषा आडवी जात नसेल, तर काम झाले. जात असेल, तर सुरी नेमकी तिथून जाणार.

मशीनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाईप करणे टाळलेले बरे. जोडाक्षरे आणि रफार तिथे कधी कधी विस्कटतात. अक्षर कोरल किंवा इंकस्केपमध्ये घडवून रेषांच्या रूपात पाठवले, की कोणतीही मशीन ते मुकाट कापते. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली तर अक्षरांचा कचरा दिसतो. त्यावरही रेषांत बदलणे हेच औषध. नव्याने सुरुवात करणाऱ्याने युनिकोड फॉन्ट वापरावेत. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. बालूची अक्षरे जाड, गोलसर आहेत. ती सोलताना फाटत नाहीत, म्हणून नवशिक्या हाताला बरी. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहून घ्यावे. काही फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि गावच्या पाटीवर ते खटकते.

आता तोच शब्द भिंतीवर रंगवण्यासाठी छापा म्हणून कापायचा आहे असे समजा. इथे अक्षर गळून पडते आणि भोवतालचा कागद उरतो. दोन्ही 'व'चे पोट चारी बाजूंनी बंद आहे. पोटातला तो लहानसा तुकडाही गळून पडेल आणि रंगवल्यावर 'व'चा नुसता भरीव गोळा दिसेल. म्हणून पोटातला तुकडा बाहेरच्या कागदाला धरून ठेवणारा दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. प, म, स, ष यांनाही शिरोरेषेमुळे बंद जागा तयार होते, त्यांचीही अशीच काळजी घ्यावी. 'रं'वरचा अनुस्वार मात्र इथे त्रास देत नाही, तो साधे भोक होतो. स्टिकरमध्ये उलट घडते. पोटातला नको असलेला तुकडा आपण हाताने उचलतो आणि सुटा अनुस्वार सोलताना सोबत निघून जाण्याची भीती असते. तेव्हा अनुस्वाराकडे पोहोचल्यावर सोलण्याचा वेग कमी करावा आणि तो बोटाने दाबून धरावा.

हात बसवताना

शिकण्याची सुरुवात सुरीपासून करा. व्हिनाइलमध्ये दोन थर असतात: वरचा चिकट थर आणि खालचा मेणकट कागद. वरचा पूर्ण कापला जावा आणि खालच्यावर फक्त पुसट ओरखडा उमटावा, एवढेच साधायचे असते. होल्डरमधून सुरीचे टोक एटीएम कार्डाच्या जाडीच्या निम्म्याइतके बाहेर ठेवून सुरुवात करावी आणि मग दाब थोडा थोडा वाढवावा. बहुतेक नवे लोक उलटे करतात. सुरी जास्त बाहेर काढून दाब वाढवतात. मग कागद फाटतो, मॅट चिरते आणि टोक मोडते. खोली बरोबर आहे का हे पाहायला सोललेल्या जागी मागच्या कागदावर मार्करची शाई फिरवावी. शाई पलीकडे उतरली, तर सुरी खोल जाते आहे.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. सुरीचे टोक तिच्या मधल्या अक्षापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असते आणि ऑफिसच्या खुर्चीच्या फिरत्या चाकासारखे ते डोक्यामागून ओढले जाते. कोपऱ्यावर दिशा बदलते, तेव्हा मशीनला हे पाव मिलिमीटर हिशेबात धरावे लागते. आकडा कमी भरला तर चौकोनाचे कोपरे गोल होतात, जास्त भरला तर कोपऱ्यांना बारीक शेंड्या फुटतात. म्हणून प्रत्येक नव्या मालावर आधी एक सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात एक त्रिकोण कापून पाहावा. रेडियमच्या दुकानातला मुरलेला कारागीरही नवा रोल लावला की हा चौकोन चुकवत नाही.

साध्या व्हिनाइलला ४५ अंशांची सुरी, जाड रेडियमला ६० अंशांची. प्रकाश परतवणाऱ्या रेडियमच्या शीटमध्ये काचेचे अतिबारीक मणी असू शकतात, ते सुरीची धार लवकर खातात. म्हणून रेडियमची सुरी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर खूण करावी. कापडावर दाबायचे व्हिनाइल आरशातल्यासारखे उलटे करून कापायचे असते. दाबताना १५० ते १६० अंश सेल्सियस आणि दहा ते पंधरा सेकंद हा साधारण मेळ बसतो. तरी मालासोबत आलेली सूचना वाचावी, कारण प्रत्येक कंपनीचा माल वेगळा वागतो.

मराठवाड्यातला उन्हाळा या कामात स्वतःचा हात दाखवतो. तापलेल्या बोनेटवर चिकट थर टेकताक्षणी घट्ट धरतो आणि सरळ करायला संधीच देत नाही. सकाळी लवकर किंवा सावलीत, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून स्टिकर सरकवत जागेवर आणावा, मग स्क्वीजीने पाणी बाहेर काढावे. धुळीने मॅटचा चिकटपणा जातो. सौम्य साबण आणि पाण्याने धुऊन सावलीत वाळवली तर ती बराच काळ टिकते. वीज गेली की स्टेपर मोटर आपली जागा विसरते आणि अर्धे कापलेले काम सुरुवातीपासून करावे लागते. म्हणून मशीन आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत.

हिशेब आणि हिंमत

भांडवलासाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना विचारात घ्यावी. तिच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. लहान सुरुवातीला एवढा आधार कामी येतो. पण कर्ज काढण्याआधी हातात काम असावे. दहा-पंधरा नमुने दुसऱ्याच्या मशीनवर कापून आणावेत, गावात दाखवावेत आणि मागणी किती ते पाहावे. भाव ठरवताना फक्त व्हिनाइलचे फूट मोजू नयेत. अक्षरे उचलून लावायची ट्रान्सफर टेप, वाया गेलेला तुकडा, सुरीची झीज, सोलण्यात गेलेला वेळ हे सगळे त्यात धरावे. सोलणे हेच सर्वाधिक वेळ खाणारे काम आहे आणि त्याचाच मोबदला बहुतेक जण मागायचा विसरतात. चोवीस इंचांच्या रोलवर एकच नाव कापण्याऐवजी चार ऑर्डरी शेजारी शेजारी बसवल्या तर मालही वाचतो.

मशीन परदेशातली असो की दिल्लीच्या बाजारातली, तिच्या तोंडून नीट मराठी काढून घेणे आपल्या हातात आहे. आज गावातल्या गाड्यांवर तुटलेल्या शिरोरेषा आणि हरवलेले अनुस्वार सर्रास दिसतात, कारण कोणीतरी वेल्डची एक कळ दाबली नाही. एका कळीने गावची अक्षरे सुधारतात. नवी मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने पहिले काम म्हणून आपल्या गावाचे नाव, एकाही जागी न तुटता, अनुस्वार-वेलांटीसह कापून दुकानाच्या दारावर लावावे. ते अक्षर पाहून गिऱ्हाईक आत येईल. कामावरच्या विश्वासाला याहून चांगली जाहिरात नाही.